औंध संस्थानच्या गावाचा आणि मुलखाचा भूगोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे औंध म्हणजे पुण्यातलं औंध का?

नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की तो आधीच निकालात काढलेला बरा. पुण्याचं औंध मुळा नदीकाठचं, आता शहराचं उपनगर झालेलं. हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ आणखी वेगळं, ते ज्योतिर्लिंगाचं क्षेत्र. या पानावरचं औंध सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. पंतप्रतिनिधींच्या, म्हणजे मराठी राज्यात छत्रपतींच्या वतीनं कारभार पाहणाऱ्या प्रतिनिधींच्या घराण्याच्या, संस्थानचं मुख्य गाव हेच आणि यमाई देवीचं मूळपीठही हेच.

औंधच्या आसपासचा मुलूख कसा आहे?

साताऱ्याहून आग्नेयेला निघालात की रहिमतपूरपर्यंत कृष्णेच्या खोऱ्यातली भरली शेतं दिसतात. रहिमतपूर मागं पडलं की रस्ता एक डोंगररांग ओलांडतो. महादेवाच्या डोंगरातून दक्षिणेकडे फुटलेली ही रांग उत्तरेच्या वर्धनगडापासून दक्षिणेच्या मच्छिंद्रगडापर्यंत जाते. तिच्या पश्चिमेचं पाणी कृष्णेला मिळतं, पूर्वेचं येरळेला. औंध या रांगेच्या पूर्व अंगाला, येरळेच्या बाजूला आहे.

रांग ओलांडली की देश बदलतो. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात सरासरी ५००च्या आसपास. औंध या पर्जन्यछायेतलं गाव. उघडे काळे डोंगर, मुरमाड माळ, ओढ्याकाठी तेवढी हिरवी पट्टी. येरळा खाली दक्षिणेला जाऊन ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, पण औंध काही तिच्या काठावर वसलेलं नाही. नदीकाठचं नसलेलं, पाऊस कमी असलेलं गाव संस्थानचं मुख्य गाव कसं झालं, हा या पानावरचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर पुढं येईल.

औंधला किल्ला आहे का?

लढाऊ किल्ला नाही. यमाईच्या देवळाभोवतीचा तट आणि बुरूज लांबून पाहिले की गडच वाटतो, त्यामुळं पुष्कळ जण फसतात. खरा किल्ला हवा असेल तर दक्षिणेला भूषणगड आहे. सपाट माळावर एकटाच उभा असलेला तो डोंगर लांबूनही सहज ओळखू येतो.

आधी डोंगर की आधी गाव? आणि नाव कुठून आलं?

डोंगर आधी. देवीचं ठाणं प्रतिनिधींच्या राजवटीहून जुनं आहे. लोककथेत नाव औंधासुरापासून येतं. देवीनं त्याला मारलं, म्हणून गाव औंध. यमाई या नावाची कथा दोन तऱ्हांनी ऐकायला मिळते. एकीत रामानं देवीला ‘ये माई’ म्हणून हाक मारली, तर दुसरीत जोतिबानं. कोल्हापूरकडच्या जोतिबाच्या डोंगरावरही यमाईचं देऊळ आहे आणि तिकडची माणसं औंधला देवीचं मूळ ठिकाण म्हणून येतात. म्हणून ‘मूळपीठ’.

कथा बाजूला ठेवा, पण तिचा भूगोल टाकून देऊ नका. जोतिबा ते औंध ही वाट म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यातून येरळेच्या खोऱ्यापर्यंतची वाट. माणसं देवाच्या निमित्तानं ती तुडवत होती, तेव्हा औंधला कुणाची गादी नव्हती.

प्रतिनिधी मूळचे औंधचेच का?

नाहीत. घराणं किन्हईचं, म्हणजे आजच्या कोरेगाव तालुक्यातलं, तिथल्या कुलकर्ण्यांचं. परशुराम त्रिंबक (१६६०–१७१८) छत्रपती राजारामांच्या काळात पुढं आले आणि प्रतिनिधिपदापर्यंत पोचले. हे पद राजारामांनी जिंजीला असताना निर्माण केलं, पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. परशुरामपंतांच्या मुलांपासून दोन शाखा झाल्या: कृष्णाजींची विशाळगडची आणि श्रीपतरावांची साताऱ्याकडची. औंधचं संस्थान या दुसऱ्या शाखेचं.

किन्हईला गेलात तर एक गोष्ट जरूर पाहा. तिथंही डोंगरावर साखरगडनिवासिनी देवीचं तटबंद देऊळ आणि खाली गावात वाडा आहे. वर देवी, खाली वाडा. औंधचा आराखडा समजायला औंधच्या आधी किन्हई पाहावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मग कऱ्हाडचा संबंध काय? तिथं ‘पंताचा कोट’ आहे ना?

आहे, आणि भूगोलाच्या हिशेबानं राजधानी शोभावी तर तिथंच. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, घाटमार्ग, जुनी बाजारपेठ. पंताच्या कोटातली खोल पायऱ्यांची ‘नकट्या रावळाची विहीर’ पाहिली की तिथं किती जुनी वस्ती होती हे कळतं. प्रतिनिधींचं बळ दीर्घकाळ कऱ्हाडला होतं.

ते मोडलं दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी आणि पेशवे यांचं बिनसलं, पंतांना मसूरला कैदेत ठेवलं गेलं. त्यांच्या बाजूच्या ताई तेलिणीनं त्यांना सोडवलं, पण पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी झालेल्या लढाईत पंतांचा हात गेला आणि ते ‘थोटे पंत’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ताई तेलीण त्यानंतरही वासोटा किल्ला लढवत राहिली. मुलखाचा मोठा भाग पेशव्यांनी काढून घेतला. १८१८ नंतर इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य नव्यानं मांडलं आणि १८२०च्या सुमारास जहागीरदारांशी तह केले, तेव्हा प्रतिनिधींच्या हाती जे राहिलं ते पूर्वीच्या मानानं फारच थोडं होतं.

एवढं सगळं झाल्यावर औंधच का निवडलं?

इथं मी माझं मत मांडतो. नदी, बाजार, घाटवाट, किल्ला, मुलखाचा मध्य: मुख्य गाव ठरवणारी ही नेहमीची कारणं एकेक करून तपासा, औंधला एकही लागू पडत नाही. साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणारा रस्तासुद्धा कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव असा उत्तरेनं जातो आणि औंधला बाजूला टाकतो. उरते ती यमाई, घराण्याची कुलदेवता. कऱ्हाडचा पाया खचल्यावर घराणं देवीच्या पायथ्याशी येऊन स्थिरावलं.

या गावाशी घराण्याचं आणखी एक जुनं नातं होतं. १७१३मध्ये कृष्णराव खटावकरांनी शाहू महाराजांविरुद्ध बंड केलं, तेव्हा औंधजवळच लढाई झाली. बाळाजी विश्वनाथांच्या फौजेत श्रीपतराव होते. त्यांचे वडील परशुरामपंत ताराबाईंचा पक्ष घेतल्यामुळं शाहूंच्या कैदेत होते. श्रीपतरावांनी त्या दिवशी जी तलवार गाजवली तिच्या बदल्यात वडिलांची सुटका झाली. घराण्याचं नशीब एकदा याच माळावर फिरलं होतं.

औंध ‘संस्थान’ की ‘जहागीर’?

दोन्ही, काळाप्रमाणे. साताऱ्याच्या छत्रपतींच्या हाताखाली असेपर्यंत ती जहागीर होती. १८४८मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, डफळापूर या साताऱ्याच्या जहागिरी थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आल्या. पुढं त्यांना संस्थानं म्हणू लागले.

संस्थान किती मोठं होतं?

सुमारे ५०१ चौरस मैल, म्हणजे १,३०० चौरस किलोमीटरांच्या आत-बाहेर, आणि गावं ७०-७२. आजच्या एखाद्या तालुक्याएवढं. पण हा आकडा सांगून थांबलं की औंध मुळीच कळत नाही, कारण ते क्षेत्र एकसंध नव्हतं.

नकाशात औंध संस्थान तुकड्या-तुकड्यांनी का दिसतं?

इंग्रजी अमदानीतला सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. ब्रिटिश मुलूख गुलाबी, संस्थानं पिवळी. गुलाबी रंगात पिवळे ठिपके सांडल्यासारखे दिसतात, आणि त्यातले औंधचे ठिपके एकमेकांपासून फार लांब आहेत. मुख्य भाग असे:

औंध आणि भोवतालची गावं, येरळेच्या खोऱ्यात. घराण्याचं मूळ गाव किन्हई, वायव्येला, कृष्णेच्या बाजूला. कुंडल, औंधपासून सरळ रेषेत दक्षिणेला पंचेचाळीस-एक किलोमीटर. आटपाडी, पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरांवर, माणगंगेच्या खोऱ्यात. तिथलं पाणी माणगंगेतून भीमेला जातं. आणि गुणदाळ, पार विजापूर जिल्ह्यात, कानडी मुलखात.

हे असं का झालं? कारण मराठी राज्यात सरंजाम म्हणजे आखलेला प्रदेश नव्हे, तो गावागावांच्या वसुलावरचा हक्क. या गावचा मोकासा, त्या गावचं इनाम, पलीकडच्या परगण्यातला वाटा. एका सरदाराची गावं लांब-लांब पसरलेली असली की तो एके ठिकाणी डोईजड होत नाही, असाही त्यात हिशेब होता. जोवर हक्क महसुलाचा होता तोवर पसरलेपणाची अडचण नव्हती, कारकून वसूल आणून देत. इंग्रजांनी या हक्कांना सरहद्दी घातल्या, प्रत्येक तुकड्याभोवती रेघ मारली आणि वसुलाच्या वहीतली यादी नकाशावरचं ‘राज्य’ झाली. माझ्या दृष्टीनं औंधच्या भूगोलातली सगळ्यात महत्त्वाची घटना ही. तिची तारीख मात्र कुठल्याच सनावळीत येत नाही.

म्हणजे राजाला आपल्याच राज्यात फिरताना परक्या हद्दीतून जावं लागे?

हो, आणि रयतेलाही. आटपाडीच्या माणसाचं औंधच्या कचेरीत काम निघालं तर ब्रिटिश मुलूख ओलांडल्याशिवाय त्याला आपल्या राजधानीत पोचता येत नसे. गुणदाळच्या माणसाची तर भाषासुद्धा वाटेत बदलायची. म्हणून औंध ‘मुख्य गाव’ होतं ते कचेरी, वाडा आणि शाळा यांच्या अर्थानं. बाजाराला आटपाडीकर औंधला कशाला येतील? त्यामुळं औंधची पेठ राजधानीच्या मानानं कधी फुगली नाही. आजही गावाचा आकार पाहून ‘ही राजधानी?’ असं लोक विचारतात, त्याचं कारण या रेघांमध्ये आहे.

गावाची रचना कशी आहे?

डोंगराला पाठीशी घेऊन वाचा, म्हणजे सोपी जाते. डोंगरमाथ्यावर तटाच्या आत मूळपीठ, काळ्या पाषाणातली बसलेली देवी. डोंगराच्या अंगावर, अर्ध्या वाटेत संग्रहालय. खाली गावात पुन्हा यमाई, तिला ग्रामनिवासिनी म्हणतात, आणि तिच्या लगत राजवाडा. रोज डोंगर चढणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून देवी गावात आली, असं महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी घडलं. औंधमध्ये त्यामुळं वाड्याला देवीचा शेजार मिळाला.

खालच्या देवळासमोरच्या दीपमाळेपाशी थोडं थांबा. मान मागं टाकल्याशिवाय तिचं टोक दिसत नाही. दिवे ठेवायचे दगडी हात एकावर एक, वर जाईल तसे आखूड होत गेलेले. पौषात यमाईची यात्रा आणि रथोत्सव असतो. एरवी शांत असलेलं हे गाव कुणामुळं वसलं, हे त्या दिवसांत वेगळं सांगावं लागत नाही.

रेल्वे औंधला का आली नाही?

पुणे-मिरज लोहमार्ग कृष्णेच्या खोऱ्यातून गेला. रूळ सपाट जमीन शोधतात आणि औंध रांगेच्या पलीकडे. जवळचं स्टेशन रहिमतपूर, तिथून पुढं घाट चढून यायचं.

मग किर्लोस्करवाडी औंध संस्थानात कशी?

तुकड्यांच्या राज्याचा असाही उपयोग होतो. बेळगावला लक्ष्मणराव किर्लोस्करांची कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी होती, त्यांना तिथून उठावं लागलं. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जमीन देऊ केली, पण औंधला नव्हे. दिली ती कुंडलच्या तुकड्यात, कुंडल रोड स्टेशनजवळ: ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज. साल १९१०. काटेरी निवडुंगाच्या त्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना आणि वसाहत उभी राहिली आणि स्टेशनचं नावही पुढं किर्लोस्करवाडी झालं.

राजधानीच्या आसपास कारखाना काढण्याचा हट्ट बाळासाहेबांनी धरला असता तर कच्चं लोखंड आणि तयार नांगर बैलगाडीनं घाट चढवावे-उतरवावे लागले असते. त्यांनी तसं केलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. संस्थानचा उद्योग एका तुकड्यात आणि गादी दुसऱ्या तुकड्यात, हे त्यांनी मोकळ्या मनानं मान्य केलं.

एवढ्याशा गावात इतकी मोठी माणसं कशी होऊन गेली?

वेदाभ्यासक पंडित सातवळेकरांचं स्वाध्याय मंडळ सुमारे तीस वर्षं औंधला होतं आणि १९४८मध्ये गुजरातेतल्या पारडीला गेलं. गायनाचार्य अंतूबुवा जोशी मूळचे किन्हईचे आणि औंध दरबारचे गवई. औंधचा संगीत महोत्सव १९४०च्या दशकारंभापासूनची परंपरा सांगतो, ती त्यांच्याच घराण्याची. साने गुरुजी विद्यार्थीदशेत काही काळ औंधला शिकले. आटपाडी भागातले ग. दि. माडगूळकरही औंधच्या शाळेत होते.

माडगूळकरांचं उदाहरण भूगोलासाठी लक्षात ठेवण्याजोगं. माणदेशातला मुलगा शाळेसाठी शंभरेक मैलांच्या परिघातल्या ब्रिटिश शहरांकडे न जाता औंधला येतो, कारण त्याचं गाव औंधच्या पिवळ्या ठिपक्यात पडतं. बाजार जे करू शकला नाही ते शाळेनं केलं. तुकड्यांना औंधशी बांधलं.

संग्रहालय गावात न बांधता डोंगराच्या अंगावर का?

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या सचित्र, चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली होती आणि स्वतः चित्रंही काढली. १९३८मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभं राहिलं ते यमाईकडे जाणाऱ्या वाटेवर. देवीला जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून जातो. शहरातल्या संग्रहालयांना जो प्रेक्षक शोधावा लागतो, तो इथं यात्रेच्या वाटेवर आपसूक मिळतो. आत रविवर्मा आहेत, किरातार्जुनीयाची पहाडी लघुचित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई आणि मुलाचं छोटंसं दगडी शिल्पही. छतातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात ती पाहायची. म्हणून दुपार टाळा आणि ढग नसलेल्या सकाळी जा.

१९३८-३९चा ‘औंध प्रयोग’ आणि भूगोल यांचा काय संबंध?

नोव्हेंबर १९३८मध्ये बाळासाहेबांनी रयतेला सत्ता देण्याची घोषणा केली. मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा त्यात पुढाकार, गांधीजींचा सल्ला. २१ जानेवारी १९३९ला स्वराज्याची घटना अमलात आली. गावानं पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुका समिती व्हायची आणि तिच्यातून मध्यवर्ती विधिमंडळ. तालुके चार: औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ.

सत्ता तळातून वर नेण्याचा विचार गांधीजींचा, यात शंका नाही. पण नकाशा पाहिल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसते. एकमेकांना न लागणाऱ्या चार तालुक्यांचा कारभार एका कचेरीतून हाकणं तसंही अवघडच होतं. गावाला आणि तालुक्याला अधिकार देणं तिथल्या जमिनीला मानवणारं होतं.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नसलेला तुरुंग माणदेशाच्या उघड्या माळावर. एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाला त्यातूनच कल्पना मिळाली.

प्रतिसरकारच्या काळात कुंडलचं नाव इतकं का येतं?

त्याचंही मूळ सरहद्दीच्या रेघेत आहे. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं भूमिगत सरकार, चाललं. तुफान सेना उभारणारे जी. डी. बापू लाड कुंडलचेच. कुंडल औंधच्या हद्दीत असल्यामुळं ब्रिटिश पोलिसांचा हुकूम वेशीवर येऊन अडखळे. भूमिगतांना वेळ मिळे आणि औंधचा दरबार त्यांच्या मुळावर उठलेला नव्हता. शिवाराच्या बांधाइतक्या अंतरावर राज्य बदलत होतं. वसुलाच्या वहीतून आलेली ती वेडीवाकडी रेघ शंभर-सव्वाशे वर्षांनी स्वातंत्र्याच्या कामी आली.

विलीनीकरणानंतर तुकडे कुठं गेले?

८ मार्च १९४८ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. औंध आणि किन्हई आजच्या सातारा जिल्ह्यात. आटपाडी आणि कुंडल दक्षिण साताऱ्यात गेले; त्या जिल्ह्याचं नाव १९६०मध्ये सांगली झालं. आटपाडी आज स्वतंत्र तालुका आहे, तर कुंडल आणि किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यात. गुणदाळ विजापूर जिल्ह्यात राहिलं आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. एका संस्थानची गावं आज दोन राज्यांत आणि तीन जिल्ह्यांत आहेत.

एका दिवसात पाहायचं तर क्रम कसा ठेवावा?

सकाळी लवकर किन्हई: साखरगड आणि वाडा. मग रहिमतपूरवरून औंध. वाटेत रांग चढताना मागं वळून कृष्णेचं खोरं पाहून घ्या आणि माथा ओलांडल्यावर पुढचं रान पाहा. पर्जन्यछाया म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळेल. गावात आधी खालची यमाई आणि दीपमाळ, मग संग्रहालय, मग डोंगर. आता वर गाडी जाते, तरी पायऱ्यांनी जायची ताकद असेल तर पायऱ्यांनीच जा.

वर पोचल्यावर दर्शन झालं की तटावर या. पूर्वेला येरळेचं खोरं पसरलेलं दिसतं. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला भूषणगडाची टेकडी ओळखू येते. कुंडल त्याच्याही खूप पलीकडे, आटपाडी पूर्वेच्या डोंगरांच्या मागं, गुणदाळ तर क्षितिजाच्याही पल्याड. देवीच्या या तटावरून संस्थानचा दुसरा एकही तालुका दिसत नाही.